तिसरं माणूस

१२ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी दर वेळी सगळं छान आहे म्हणते आणि तूही बरं म्हणून ठेवून देतेस. कागदावर मला खोटं लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र.

मुंगी परवा चालली. टेबलापासून कॉटपर्यंत चार पावलं, आणि मग बदकन बसली. यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या खोलीतली माणसं बघायला आली. दुसऱ्या दिवशी घरमालकीणही आली. तिच्याकडे भाडं खोलीचं नाही, माणशी आहे. मांडीवरचं मूल फुकट, चालायला लागलं की ते माणूस. पुढच्या महिन्यापासून आम्ही तीन माणसं. हे तिला म्हणाले, आम्ही हिला पुन्हा रांगायला शिकवतो. ती हसलीसुद्धा नाही.

यांचा ओव्हरटाइम जानेवारीपासून बंद आहे. लिफ्ट बिघडायच्या तेवढ्याच बिघडतात, दुरुस्त करणारे मात्र दुप्पट झालेत. मी दुकानात कामाला लागले हे तुला माहीत आहे; तिकडची लॅबोरेटरीची पदविका इथे कुणी वाचूनही बघत नाही. पाळणाघराची फी माझ्या पगाराहून जास्त, म्हणून मुंगीला एका बाईकडे ठेवत होते. ती घरातच चार मुलं सांभाळते. सोमवारी मी तासभर लवकर गेले. चारही मुलं खुर्च्यांना पट्ट्याने बांधून टीव्हीसमोर ओळीने बसवलेली. जेवण म्हणजे पाण्यात भिजवलेली बिस्किटं. ताई, मुंगी रडत नव्हती. रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

परत यावं म्हटलं तर यांचा तिथला कारखाना बंद पडला म्हणून तर परदेशात आलो. आईबाबा असते तर त्यांना विचारलं असतं. सहा महिने तू सांभाळशील का तिला? तेवढ्यात पाळणाघराची अनामत आणि तिच्या तिकिटाचे पैसे साठवतो. भाऊजींना विचार. नाही म्हणालात तरी मी रुसणार नाही, हे मात्र कागदावरचं पहिलं खोटं.

तुझा लोभ आहेच. आज तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
धाकटी


२८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विचारतेस काय, घेऊन ये. तुझे भाऊजी पत्र अर्धं वाचूनच उठले आणि शाईच्या बाटल्या वरच्या फळीवर ठेवायला लागले. पस्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, पण घरात हात लावणारं कुणी नव्हतं म्हणून सगळा पसारा जमिनीवर. आता म्हणतात, खालच्या दोन फुटांत काही ठेवायचं नाही.

पत्राबरोबर पाठवलेला तुझा फोटो बघितला. मी लोकांच्या ब्लाउजांची मापं घेते, मला टेप लागत नाही. गेल्या वर्षी शिवून पाठवलेला ब्लाउज तुला आता दोन इंच सैल होत असेल. काय जेवतेस ते सविस्तर लिही, आणि "सगळं" असं लिहू नकोस.

एक मात्र आधीच सांगते. लग्नाला चौदा वर्षं झाली, या घरात मूल नाही. लोक काय बोलतील ते बोलोत, मला लोकांची भीती नाही, माझी आहे. म्हणून दर पत्रात तिला कधी नेणार ते लिहीत जा. महिना लिही, तारीख लिही. माझ्या डोळ्यांसमोर ते असू दे.

तुझ्या यजमानांना आशीर्वाद. मालकिणीला मात्र देऊ नकोस.

तुझी,
ताई


६ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पोहोचले. मुंगीला सोडायला आले ते तुझ्याकडचे आठ दिवस कसे गेले कळलं नाही. विमानात शेजारची बाई तिच्या बाळाला थोपटत होती आणि माझा हात आपोआप माझ्याच गुडघ्यावर थापट्या मारत होता. अंगावरचं दूध अजून आटलेलं नाही. कामावर मध्येच छाती भरून येते, मग दुकानाच्या मागे शीतगृहात जाऊन उभी राहते. तिथे बर्फासारखं गार असतं, कुणी थांबत नाही. साहेबांनी नेमकं मला लहान मुलांच्या खाऊच्या रांगेत ठेवलं आहे.

काय जेवतो ते विचारलंस. भात, डाळ, बटाटे, कोबी. कांदे मोजून. टोमॅटो इथे एकेक विकतात, आणि तीन घेतले की एका जेवणाचे पैसे गेले. ज्या मालाची तारीख त्या दिवशी संपते त्यावर संध्याकाळी पिवळी चिठ्ठी लावायची, म्हणजे तो निम्म्या किमतीत. चिठ्ठ्या मीच लावते, पण नोकरांनी ड्यूटी संपेपर्यंत घ्यायचं नाही. तोवर दारात वाट बघणारी म्हातारी माणसं चांगलं ते उचलतात. त्यांचाही राग येत नाही.

स्वयंपाकघर चार बिऱ्हाडांत एक आहे, फ्रिजची एक फळी आमची. अंडी कमी व्हायला लागली म्हणून हे आता प्रत्येक अंड्यावर पेनाने सही करतात. म्हणतात, इतक्या सह्या साहेबसुद्धा करत नसेल.

ऑक्टोबरच्या शेवटी मुंगीला नेईन. तुझ्या डोळ्यांसमोर ठेव. माझ्या तर आहेच.

दोघांनाही नमस्कार, आणि तिच्या टाळूला तेल लावताना माझ्या नावाचं एक बोट जास्त.

धाकटी


१९ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मुंगी आता मुंगी राहिली नाही, घरभर धावते. भाऊजींना "मात्तल" म्हणते. त्यांनी तिच्यासाठी भिंतीचा खालचा भाग पांढरा रंगवून दिला आणि हातात खडू दिला. जन्मभर मुलांनी भिंती रंगवल्या म्हणून छड्या मारणारा माणूस. मी टोमणा मारला, तर म्हणाले, ती शाळा होती.

दूध दोन वेळा पिते, भात मऊ लागतो, वाटाणे एकेक निवडून बाहेर काढते. आणखी चार दात आले. माझ्या मशीनखाली बसून चिंध्या गोळा करते.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुझा फोटो मी तिच्या नजरेसमोर लावला आहे, रोज आई कुठे म्हणून विचारते आणि ती बोट दाखवते. पण गेल्या महिन्यात पडली, गुडघा फुटला, आणि आई म्हणून ओरडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, मावशी. दुसऱ्यांदा म्हणाली, मी पुन्हा मावशी म्हटलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. चौथ्यांदा नाही सांगितलं. त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही.

ऑक्टोबर जवळ आला. तिची बॅग मी भरून ठेवली आहे. लवकर ये, बाई.

ताई


११ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर अर्धवट सांगितलं होतं. हे ऑक्टोबरात शिडीवरून पडले, मनगट मोडलं. आठ आठवडे निम्मा पगार. तिकिटाचे पैसे आम्ही खाल्ले. अगदी खरोखर खाल्ले: तांदूळ, डाळ, बटाटे आणले आणि खाल्ले. त्यातच भाडं वाढलं.

या पत्रात महिना लिहीत नाही. लिहिला तर तू बॅग भरशील.

मुंगीला दोन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मी कामावर होते.

धाकटी


३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझ्या ताईला न सांगता लिहीत आहे. मागच्या सबंध वर्षात तुझी तीन पत्रं आली आणि एकातही महिना नव्हता. मी दोष देत नाही. माझ्या पेन्शनीत आम्ही तिघं जेवतो, तुम्ही दोघं कमावूनही पोटाला चिमटा काढता, हा कसला हिशोब ते माझ्या डोक्यात शिरत नाही. पण तो तुमचा दोष नाही एवढं कळतं.

मुंगीला इथे येऊन पावणेदोन वर्षं झाली, ती तीन वर्षांची झाली. जूनमध्ये शाळेत घालावी लागेल. अर्जावर आईची सही हवी, किंवा पालकत्वाचा कागद हवा. वकिलांना विचारून ठेवलं आहे.

तुझी ताई तिची बॅग भरते. सहा महिन्यांनी कपडे लहान होतात, मग काढते, नवे शिवते, पुन्हा भरते. आता ही चौथी खेप. परवा मला म्हणाली, दार वाजलं की माझे हातपाय गार पडतात. धाकटी आली असेल म्हणून आणि आली नसेल म्हणूनही. तेव्हा तू ये आणि मुलीला घेऊन जा. नाहीतर कायमची ठेव. दोन्ही आम्ही सोसू. मधलं पेलवत नाही, पोरी.

रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर दे.

भाऊजी


२ मे

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा निरोप मिळाला. तू दहा दिवसांसाठी आलीस ती मुंगीला न्यायला. तिचं परतीचं तिकीट मला पहिल्याच दिवशी दाखवलंस. मी बॅग दाराशी आणून ठेवली, तिला महिनाभर आधीपासून सांगत होते की तू आईबरोबर विमानात बसणार. माझ्याकडून काही कसर राहिली का? राहिली असेल तर सांग, मी चोर नाही. आणि शेवटच्या सकाळी तू ती बॅग उचलून आत ठेवलीस आणि एकटीच रिक्षात बसलीस. विमानात शेजारची खुर्ची रिकामी घेऊन इतका प्रवास केलास.

तू जेवताना मी बघत होते. दर वेळी वाढलं की नको म्हणायचीस आणि मी वळले की पातेल्याशी जायचीस. मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. मी मुद्दाम मशीनवर जाऊन बसायची.

तू गेल्यावर मुंगीने तुझ्याबद्दल विचारलं, मावशीच्या गावातलं जेवण संपलंय का. भाऊजींनी सांगितलं, संपलेलं नाही, महाग झालंय. मग तिने महाग म्हणजे काय ते विचारलं.

का नेलं नाहीस? मला लिही. मला झोपायचं आहे.

ताई


२४ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी काही कसर नाही. ती मला मावशी म्हणाली म्हणूनही नाही. ते पहिल्या दिवशी लागलं, दुसऱ्या दिवशीही लागलं, पण त्यासाठी मी माघारी फिरले नसते. पोरं महिन्याभरात शिकतात.

सहाव्या दिवशी मी तिला भरवत होते. तिने निम्मा भात टाकला. तू मागे कपडे वाळत घालत होतीस. मी तिच्या ताटलीतला भात चटाचट खाल्ला, बोटाने ताटली पुसून घेतली. मान वर केली तर ती माझ्याकडे बघत होती. दुधाचा पेला माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तिने भाताचा एक कोपरा राखून ठेवला आणि तू संपव म्हणालीस तेव्हा हे मावशीचं आहे असं सांगितलं. तू हसलीस, कौतुकाने मला सांगितलंस. मला मात्र त्या क्षणी उत्तर मिळालं.

ताई, इथे आम्ही दोघं जेवायला बसलो की दोघंही पोट भरलं म्हणतो. हे म्हणतात म्हणून मी म्हणते, मी म्हणते म्हणून हे. तळाला भात उरतो आणि दोघं पाणी पितो. मुंगी आली की महिन्याभरात तीही पोट भरलं म्हणायला शिकेल. तीन वर्षांची पोर. तुझ्या घरात ती वाटाणे निवडून टाकते. तिने टाकत राहावं.

पाळणाघराची अनामत भरली असती तर खोलीचं भाडं उरत नव्हतं. भाडं भरलं असतं तर ती पुन्हा त्या बाईच्या खुर्चीत. हे सगळं मला तिकीट काढतानाही माहीत होतं. काहीतरी होईल असं धरून आले होते. काही होत नाही, ताई. दर महिन्याला तांदूळ तेवढा वर चढतो.

वकिलांचे कागद सोबत पाठवले आहेत. जिथे जिथे फुली होती तिथे सही केली. यांनी आधी केली. करून झाल्यावर हत्यारांची पिशवी घेऊन निघाले, डबा ओट्यावरच राहिला. मी धावत जाऊन दिला तर कसला डबा म्हणून विचारायला लागले.

शाळेच्या अर्जावर तुझं नाव घाल. तिला आता खरं-खोटं काही समजावू नकोस, मोठी झाली की मी स्वतः सांगेन, शिव्या मी खाईन. फोटोतल्या बाईकडे बोट दाखवायला लावू नकोस. तिचे नवे फोटो काही दिवस पाठवू नकोस. मला बघवायला लागले की मी मागेन. नाही मागितले तर समजून घे.

भाऊजींना नमस्कार. त्यांच्या पत्रावर मी रागावले नव्हते, उत्तर द्यायला वेळ लागला इतकंच.

लोभ तिच्यावर असावा, माझ्या वाट्याचाही.

तुझी,
धाकटी