मागून आणलेलं झबलं

माय, तुझ्या नातीचं लेकरू काचेच्या पेटीत आहे आणि मी बाहेर बाकड्यावर बसलोय. मांडीवर कापडी पिशवी आहे. तिच्यात चार झबली, दोन टोपडी आणि एक दुपटं. नर्सबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आधी श्वास नीट धरू द्या, वजन जरा चढू द्या, मग अंगात कपडा घालू. तोवर डायपर आणि डोक्याला त्यांचीच टोपी. म्हणजे ही पिशवी आत मागवली तर लेकरू आपलं, असं मी मनाशी धरून बसलोय. सकाळी पिशवी घेऊन येतो, संध्याकाळी घरी नेतो. बायको म्हणते, "ठेवा की इथंच, रोज काय मिरवता?" तिला काय सांगू? ही झबली कुठून आली ते मी तिला अजून बोललेलो नाही. तुला लिहून सांगतो, कारण या एका बाबतीत तू मला वेड्यात काढणार नाहीस.

बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नसतं, हे तू आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंस की मी नोकरीला लागलो, नांदेडात घर बांधलं, तरी ते गेलं नाही. लेक बाळंतपणाला आली तेव्हापासून मोबाइलवर कपडे दाखवायची. "बाबा, बघा ना, शुद्ध सुती आहे. नुसतं मागवून ठेवू." मी म्हणायचो, "झाल्यावर आणू. दुकानं काय पळून चाललीत?" लातूरहून तिच्या सासूबाईंचा फोन यायचा, त्यात ख्यालीखुशालीच्या आधी हेच, "काही आणलं तर न्हाई ना अजून? आणू नका बरं." बायकोही त्याच बाजूची. पोर एकटी पडली. एकदा चिडून म्हणाली, "मग काय वर्तमानपत्रात गुंडाळणार आहात बाळाला?" आम्ही सगळे हसलो. पहिले दिवस जुन्या लुगड्याचं झबलं घालायचं असतं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. ते जुनं लुगडं कोणाच्या घरात आहे, एवढं मात्र कोणी बघितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो आणि डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. लेकीचं बीपी चढलेलं, पोटातलं पाणी कमी झालेलं, बाळ वाढायचं थांबलेलं. अजून महिन्यावर अवकाश होता. त्या म्हणाल्या, "आजच बाहेर काढू. थांबलो तर दोघांनाही धोका आहे." लेकीनं माझा हात धरला तो सुटेना. बाळ जेमतेम दीड किलोचं भरेल असाही अंदाज सांगितला. नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं आणि कपडे काय आणायचे ते समजावलं. सुती, पुढून उघडणारं, नाडीचं. बटण नको, लेस नको, आणि मुख्य म्हणजे धुतलेलं, अगदी मऊ झालेलं. "त्याची कातडी कागदाहून पातळ असते काका," म्हणाल्या. बायको लेकीपाशी थांबली आणि मी स्कूटर काढली.

घरी जाऊन कपाट उघडलं. माय, बायकोच्या साड्या मी जन्मात एवढ्या लक्ष देऊन बघितल्या नव्हत्या. एकही मऊ सुती नाही. सगळ्या सुळसुळीत, न चुरगळणाऱ्या, नाहीतर जरीच्या. एक हातमागाची निघाली, तर ती कांजीनं पापडासारखी झालेली. तुझी लुगडी याच लेकीच्या वेळेला संपली होती. आधी झबली, मग लंगोट, मग दुपटी, असं करत तिनं ती पार विरवून टाकली. मी तसाच कपाटापुढं उभा राहिलो आणि मला आमचाच राग आला. नवं आणू नका म्हणून इतके महिने एकमेकांना बजावत बसलो आणि जुनं तर कोणी शिल्लकच ठेवलं नव्हतं. शेवटी वजिराबादेत लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, तिकडं निघालो.

दुकानदार तिशीतला, बोलका. "किती महिन्यांचं हाय बाळ?"

"अजून व्हायचंय."

त्याचा हात फळीवरच थांबला. "मग झाल्यावर या ना काका. आधी कोण नेतंय?"

"तुम्ही विकायला बसलात का अडवायला?" मी खेकसलो. तो बिचारा माल काढायला लागला. फुग्यांचे, अस्वलांचे, सोनेरी अक्षरांचे. खोक्यातला सेट, त्यात उशी, मच्छरदाणी, लाळेरं आणि एक टाय. आईच्या पोटातून बाहेर आल्याबरोबर टाय लावून कोणत्या ऑफिसला जायचंय, असं विचारावंसं वाटलं. मी एक झबलं उचललं आणि ओठाला लावलं. रेणापूरच्या बाजारात तू असंच करायचीस. कापडवाले हसायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि तू म्हणायचीस, "हाताला काय कळतंय? हात राबून टणक झालेत. ओठाला कळतंय." झबलं ओठाला खरखरीत लागलं. दुकानदार म्हणाला, "तोंड लावू नका काका, माल परत ठेवायचाय." सगळ्यात बारीक मापाचं मागितलं तर त्यानं दाखवलं ते तीन किलोच्या बाळाचं. "दीड किलोच्या बाळाला?" मी विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, "तसलं येत न्हाई काका माझ्याकडं. तसल्या लेकरांना लोक कुणाचं तरी जुनंच घालतेत."

तेवढ्यात बायकोचा फोन. दुपारनंतर नेणार म्हणत होते ते आताच नेतायत. "तुम्ही कुठं आहात? कपडे विचारतायत हे लोक." आलोच म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्यापुढं काउंटरवर कपड्यांचा ढीग आणि त्यातलं एकही कामाचं नाही.

शेजारी एक तरुण बाई आणि तिची सासू उभी आहे. सासूच्या कडेवर तीन-चार महिन्यांचं गुटगुटीत पोर. मोठ्या मापाचं बघतायत. सासू दुकानदाराला कौतुकानं सांगतेय, "पहिली झबली एकबी बसंना आता. पेटीत होता तवा मुठीएवढा होता ह्यो, उंदराच्या पिल्लावानी. आता बघा कसा झालाय." मी ऐकतोय. ऐकतोय आणि माझे पाय त्यांच्याकडं वळतायत, हे मला नंतर कळतं.

"ती लहान झालेली झबली," मी म्हणालो, "धुतलेली असतील ना? मला द्याल का?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं, सासूनं पोराच्या तोंडावर पदर ओढला. "लेकराच्या अंगावरचं कापड परक्याच्या हाती देत न्हाईत. कोन तुमी? काय करायला पायजे तुमाला?" तिचा आवाज चढला तशी दुकानातली माणसं वळली. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, डोक्यावर पांढरे केस, आणि हा म्हातारा दुसऱ्याच्या लेकराचे कपडे मागतोय. मीच दुकानात असतो तर मलाही संशय आला असता. आल्या पावली बाहेर पडावं असं वाटलं. पण बाहेर पडून जायचं कुठं?

तर मी तिला तुझी गोष्ट सांगितली. आपल्या घरी कोणीही पाहुणा आला की तू जी सांगायचीस आणि जी ऐकून मी परसात पळून जायचो, तीच. "मावशी, माझ्या आधीची दोन लेकरं माझ्या मायची गेली. माझ्या वेळेला तिनं नवं कापड घरात येऊ दिलं नाही. पाच घरी जाऊन जुनं कापड मागितलं, त्याचं झबलं शिवलं आणि वर्षभर मला तेच घातलं. त्याच्यावर हा जगला म्हणायची. आता माझ्या लेकीला आत नेलंय. बाळ दिवस भरायच्या आधीच येतंय आणि माझ्या हातात काही नाही." एवढं सगळं बोलून गेलो. परक्या बाईपुढं, भर दुकानात.

म्हातारीनं पोराच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाली, "गाव कंचं तुमचं?"

"रेणापूरकडचं."

"आमी बिलोलीकडचे." पोराला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. "मागायला आलाव म्हना की. मग तसं मागा. मागितलेलं हातात न्हाई घेत, पदरात घेतेत."

"मला कुठला पदर, मावशी?"

"दस्ती हाय का न्हाई खिशात?"

मी खिशातला रुमाल काढला, झटकला आणि दोन्ही हातांवर पसरून तिच्यापुढं धरला. माय, तू पाहुण्यांना पदर पसरून दाखवायचीस ना, अगदी तसं. तेव्हा मला वाटायचं, ही बाई आपली अब्रू घालवते. त्या दिवशी मात्र दस्ती धरलेल्या हातांना लाज वाटली नाही, भीती वाटली. ही नाही म्हणाली तर?

म्हातारीनं सुनेला घरी पिटाळलं. घर मागच्याच गल्लीत होतं. सून येईस्तोवर दुकानदारानं मला बसायला स्टूल दिलं, पण मी दस्ती तशीच धरून उभा. सुनेनं घडी घातलेली चार झबली, दोन टोपडी आणि एक दुपटं आणलं, म्हातारीनं ते एकेक करून माझ्या दस्तीत ठेवलं. पातळ सुती, इतकं धुतलेलं की रंग कुठला होता ते सांगता येऊ नये. मी हात जोडायला गेलो तर म्हणाली, "जोडू नका. दस्ती सुटंल. आन माघारी आनून देऊ नका, मागितलेलं माघारी देत न्हाईत. जावा आता."

जाता जाता दुकानदाराकडून एक नवा जोडही घेतला. त्याचा एवढा माल पसरून मोकळ्या हातानं कसं निघायचं? पण तो घरात न्यायचा धीर होईना आणि दवाखान्यात तर नाहीच नाही. स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. घराबाहेरही आणि आपल्याजवळही. अशी पळवाट तुझ्या वेळेला असती तर तूही काढली असतीस.

पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. रडली, पण अगदी बारीक, मांजरासारखं, असं बायको म्हणाली. मला ऐकायला मिळालं नाही. लेक शुद्धीवर येत होती. बायकोनं झबलं हातात घेऊन गालाला लावलं. "किती मऊ आहे हो. कुठलं?" मी म्हणालो, "वजिराबादेतलं." खोटं काहीच नव्हतं त्यात. तेव्हापासून हे बाकडं आणि ही पिशवी. रोज नर्सबाई बाहेर येतात आणि मी पिशवीचे बंद घट्ट धरतो. रोज त्या दुसऱ्याच कोणाचं तरी नाव पुकारतात. एका रात्रीत वजन घटलं तेव्हा बायको देवापुढं बसली आणि मी घरी पिशवीतली झबली काढून पुन्हा घड्या घातल्या. दुसरं मला काय येतं?

इथवर लिहिलं आणि दार उघडलं. "आजोबा, झबलं द्या एक." मला आधी कळलंच नाही. "अहो, झबलं. आणलंय ना?" मी एक काढलं आणि सवयीनं ओठाला लावून बघितलं. नर्सबाई कडाडल्या, "तोंड लावू नका! दुसरं द्या." दुसरं दिलं. मी विचारलं, "म्हणजे आता बरी आहे ती?" त्या म्हणाल्या, "तसं अजून काही सांगता येणार नाही. पण आज घालून बघू."

काचेतून बघून आलो. मुठीएवढ्या लेकराचं असूनही ते हिला मोठंच होतंय, बाह्यांतून हात बाहेरच आलेले नाहीत. पण नाडी बांधली आहे, छातीवर, आणि ती वरखाली होते आहे. मी ती नाडीच बघत होतो.

हा कागद डिक्कीत त्या नव्या जोडापाशी ठेवीन. टाकायला पत्ता कुठला? एक सांगायचं राहिलं. मागितलेल्या लेकरासाठी म्हणून तू मला एक नाव ठेवलं होतंस, ऐकून यमालाही न्यावंसं वाटू नये असं ओबडधोबड. शाळेत गुरुजींनी दुसरं लावलं तेव्हा मी सुटलो होतो, आणि तू गेल्यावर त्या नावानं मला कोणीच हाक मारली नाही. मघाशी काचेपाशी कोणी नव्हतं. मी वाकून तिला त्या नावानं हाक मारली. मुलाचं नाव आहे ते, मुलीला शोभत नाही, पण जगलेल्या लेकराचं दुसरं नाव मला माहीत नव्हतं.