चिंधी बांधलेलं तवसं

आई, ते तवसं मी कापलं होतं. शेजारच्या काकूंनी नाही. इतकी वर्षं तोंडातून निघालं नाही, आज कागदावर उतरवतेय.

मुलुंडच्या आपल्या चाळीमागची ती चिंचोळी जागा आठवते ना तुला? एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधे तुझं अळू, तुझ्या मिरच्या, कुंपणावर तवशाचा वेल. त्या हातभर लांब काकड्यांचं बी तू गावाहून आणलेलं. मिरगाच्या आधी पाच घरांत वाटून टाकायचीस. मग वेलावरचं पहिलं धडधाकट तवसं बियाण्यासाठी राखायचीस, देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून. "चिंधीवाल्याला कोणी हात लावायचा नाही," म्हणायचीस. बाकीची घरं आपापली तवशी खाऊन मोकळी व्हायची. बियाणं ठेवायला तू होतीस ना.

मी तेव्हा मरोळच्या कंपनीत नुकती लागले होते. शनिवारी सगळ्याजणी घरून काहीतरी खास आणायच्या, आणि मी फुशारकी मारून बसले होते की आमच्या वेलाची काकडी आणते. सकाळी तू नळावर होतीस. वेलावर दुसरं मोठं नव्हतं. मी सुरीने देठ कापला, चिंधी गटारात टाकली आणि तवसं पिशवीत घातलं. तिकडे चिरलं तर ते जून, आंबट, बिया टणक. एकीने तोंड वाकडं केलं. सगळं कचऱ्याच्या डब्यात, तिथून देवनारच्या डम्पिंगला. बिया तरी रुमालात बांधून आणायच्या होत्या. सुचलं होतं गं मला. पण बिया दाखवल्या असत्या तर तू विचारलं असतंस, आल्या कुठून.

संध्याकाळी तू देठ बघितलास आणि म्हणालीस, हा सुरीचा काप आहे, उंदराचं काम नाही. काकूंनी आदल्याच आठवड्यात जावई येणार म्हणून काकडीच्या गोड धोंडसासाठी ते तवसं मागितलं होतं, तू नाही म्हटलं होतंस. झालं, तुझं ठरलं. "मागून मिळालं नाही, म्हणून चोरलं," भर नळावर बोललीस. जिच्याबरोबर रोज चहा प्यायचीस तिलाच.

पुढच्या पावसाच्या तोंडावर काकू दारात आल्या, हातात कागदाची पुडी. "तुझाच बी गो, मागच्या खेपेचा उरलेला," म्हणाल्या. तुला वाटलं, हाच पुरावा. "माझंच चोरून मलाच द्यायला आलीस?" आणि दार लावलंस. मी आत तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. त्या वर्षी चाळीत कुणाच्याच कुंपणावर वेल चढला नाही. मग लोक दुकानातून पाकिटं आणायला लागले, मग तेही सोडलं, आणि तुझ्या जागेवर स्कूटरींची शेड आली.

आता चाळ जाऊन टॉवर उभा आहे. आम्ही बायका गच्चीत ड्रम लावतो, बिल्डिंगच्या ओल्या कचऱ्याचं खत घालतो, भाजी मजल्यामजल्यावर वाटतो. सगळं झकास, फक्त बी दरवर्षी विकतचं. गेल्या मे महिन्यात काकू काठी टेकत वर आल्या. तशीच कागदाची पुडी.

"तुझ्या आवशीचाच बी हा."

"इतकी वर्षं कुठे होतं, काकू?"

"गावाक, भावाच्या परड्यात गो. तेका दरवर्साक सांगतंय, एक तवसा बियाक ठेव." मग म्हणाल्या, "जाताना तुझी आवस माझ्याबद्दल काय म्हणाली गो?"

तू काहीच म्हणाली नव्हतीस. त्यांचं नावसुद्धा घेऊ द्यायची नाहीस. मी म्हटलं, "म्हणाली, काकूंचं काही नव्हतं, माझीच चूक झाली." काकूंनी पदराने डोळे पुसले. म्हणजे आता माझ्या चोरीची माफीसुद्धा मी तुलाच मागायला लावली. लाज वाटते, आई.

वेलाला पहिलं तवसं लागलंय. तुझ्या साडीची पट्टी फाडून बांधली आहे. काकू रोज बघायला येतात, लिफ्ट बंद असली तरी. हे पत्र खरं त्यांना लिहायला हवं. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, दार उघडंच असतं. तरी मी तुलाच लिहितेय, कारण तू काही विचारणार नाहीस.