कपाटातला अर्ज

प्रिय छोटू,

फोनवर मी सगळं ठीक म्हणते आणि तू लगेच विश्वास ठेवतोस. पन्नाशीला टेकलास, तरी बहिणीचा आवाज तुला ओळखता येत नाही. असो. आज ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. गुंड्याचं केंद्र बंद पडलंय, त्याला आज एकोणीस दिवस झाले.

तू ते एकदाच पाहिलंस, तेही दारातून, टॅक्सी उभी ठेवून. म्हणून सांगते. नगरपालिकेचा जुना लसीकरणाचा हॉल, कित्येक वर्षं उंदरांच्या ताब्यात होता. एका संस्थेनं तो भाडेकरारानं घेतला आणि आपल्या भावासारख्या, अंगानं वाढलेल्या पण मनानं लहानच राहिलेल्या माणसांना दहा ते चार सांभाळायला सुरुवात केली. सतरा जण होते. चालवणाऱ्या बाईंनी गुंड्याला काय काय शिकवलं रे! कप विसळणं, पाकिटं चिकटवणं, बावन्नाव्या वर्षी बुटाची नाडी बांधणं. जेवणाची घंटा त्याच्याकडे होती. साडेबाराला एक मिनिट कमी असलं, तर तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. आईला जन्मभर जी काळजी होती ना, ती त्या हॉलमध्ये गेल्यावर माझी थोडी कमी व्हायची.

करार पाच वर्षांचा. मुदतीच्या आत नूतनीकरणाचा अर्ज आला नाही, तर जागा रिकामी धरतात. आणि हे काम कुठे होतं? माझ्याच मालमत्ता विभागात. मागच्या वेळी ती फाईल मीच पुढे पाठवली, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, काय ताई, भावाचं पाळणाघर चालू ठेवायचंय वाटतं! सगळे हसले. मीही हसले, मेली. घरी येऊन रडले आणि ठरवलं, परत या कागदांना हात लावायचा नाही.

या खेपेला सकाळी गुंड्याला सोडायला गेले, तर बाईंनी फाटकातच अर्ज माझ्या हातात ठेवला. तुम्ही तिकडेच जाताय ना, म्हणाल्या. पोच देते म्हटलं, तर घरच्या माणसाकडून कसली पोच, म्हणून हसल्या. मुदतीला तेव्हा बावीस दिवस होते. मी ठरवलं, शेजारच्या टेबलावरचा कारकून दाखल करून घेईल. तो रजेवर होता, म्हणून अर्ज माझ्या कपाटात ठेवला. तो परत आला, पण मला सांगायचीच लाज वाटली. हाही पाळणाघर म्हणेल, असं मनात आलं. आज देऊ, उद्या देऊ करत राहिले. एका सोमवारी तारीख बघितली, तर मुदत शुक्रवारीच संपली होती. आणि मी केलं काय? कपाटाला कुलूप लावलं. स्वच्छ हाताचा टेंभा मिरवायला गेले आणि कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाला बघ.

चौकशीला बाईंना बोलावलं, तेव्हा इतिवृत्त मीच लिहीत होते. अर्ज कुणाकडे दिलात, साहेबांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिला होता, पोच घ्यायची राहिली, एवढंच म्हणाल्या. साहेब म्हणाले, म्हणजे दिलाच नाही. ते वाक्य मी माझ्या अक्षरात लिहून घेतलं. माझी नोकरी वाचावी म्हणून ती बाई खोटी ठरली, आणि मी पेनाला टोपण लावून उठले. आता तिथे व्यायामशाळा काढायचं चाललंय.

गुंड्या रोज नऊलाच बूट घालून दारात उभा राहतो. पहिल्या आठवड्यात एकटाच निघून गेला. संध्याकाळी सापडला, हॉलच्या पायरीवर. डबा मांडीवर तसाच. घंटा झाली नाही, म्हणून जेवला नव्हता. तेव्हापासून मी त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावते आणि ऑफिसला जाते. हो, आपल्या भावाला कोंडते. शेजारीण सांगते, तासभर दार बडवतो, मग गप्प होतो. मला माझीच किळस येते रे.

पुढच्या गुरुवारी शेवटची सुनावणी आहे. तो अर्ज मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे आणि मुदतीआधी माझ्या हातात आला होता, हे लिहून देणार आहे. तसं सिद्ध झालं तर हॉल परत मिळू शकतो. मिळेलच असं नाही. मी मात्र बहुतेक निलंबित होईन, निवृत्तीला सात महिने असताना. पण त्यासाठी हे पत्र नाही, आणि पैसे तर अजिबात पाठवू नकोस. त्या एका दिवशी मला गुंड्याला कोंडून जायचं नाही. तू बुधवारी ये. फोनवर मागितलं असतं, तर तू नेहमीसारखं 'ताई, तू आहेस ना' म्हणाला असतास आणि माझं तोंड बंद झालं असतं. आई गेल्यापासून अकरा वर्षं मी आहेच. गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत मी नसेन. तेवढा वेळ त्याचा भाऊ हो.

तुझीच, वाट बघणारी
ताई