प्याल्याचा काठ

धुळे, १६ फेब्रुवारी १९८८

चि. सुवार्ता हिस रुपचंदकाकाचे अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

इकडे सारे बरे. मोतीलालभाऊ पारोळ्याच्या पुतण्यासाठी तुझं नाव घेऊन बसलेत. रक्त तपासणारी बायको आली म्हणजे नवऱ्याला काही लपवता यायचं नाही, असं मी म्हटलं तर खो खो हसले. घर जुनं आहे, आपल्यासारखंच. आजोबांच्या काळातला बाप्तिस्मा.

आता कामाचं. शिरपूर रस्त्याच्या वीटभट्टीवर सातपुड्यातली पावरा आदिवासी कुटुंबं आली आहेत. जानेवारीत पाळकांनी त्यांचा बाप्तिस्मा केला. आनंदच आहे. पण प्रभुभोजनाला आपल्याकडे एकच प्याला फिरतो. परवा भिकुबाई म्हणून त्यांच्यातल्या एका बाईनंतर तो आपल्या धुरपदाबाईंकडे आला, तर त्यांनी प्यायल्यासारखं नुसतं दाखवलं. चर्चच्या पंचांत कुजबुज आहे. तू प्रयोगशाळेत काम करतेस. सामाईक प्याल्याने रोग पसरतो असं तुझ्या सहीचं टिपण पाठव. म्हणजे जातीचं नाव कुणी घेणार नाही, शास्त्राचंच होईल.

काकूने केळ्याचे वेफर तळून ठेवलेत. ये लवकर.

तुझा काका

जळगाव, २७ फेब्रुवारी

ती. काकांस सुवार्ताचा सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. नाताळात मी त्या प्याल्याच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवून नमुना नेला होता. तुम्ही हसला होतात. त्यात जंतू वाढले, कुठल्याही माणसाच्या तोंडात असतात तेच. तेव्हा भिकुबाई मंडळीत नव्हत्या. म्हणजे ते जंतू जुन्या घरांचे. कोणतं तोंड कुठल्या गावचं, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही.

शास्त्राविषयीचं तुमचं वाक्य वाचून किळस आली. प्याल्याची नव्हे.

तरी टिपण जोडलं आहे, कारण त्यात लिहिलेलं खरं आहे. दोनच वाक्यं आहेत. सामाईक प्याल्याच्या काठावर तोंडातले जंतू आढळतात. म्हणून प्रत्येकाला, कोणालाही न वगळता, वेगळा ग्लास असावा. सगळ्यांनाच ग्लास मिळाला तर कुजबुजायला काही उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. दोन्ही वाक्यं वाचावीत.

पारोळ्याच्या स्थळाविषयी सध्या काही लिहीत नाही. काकूंना सलाम. माया असू द्यावी.

सुवार्ता

धुळे, १५ मार्च

चि. सुवार्ता हिस आशीर्वाद. वि. वि.

शाब्बास पोरी! तुझं टिपण मी स्वतः व्यासपीठावरून वाचलं, नाव-हुद्द्यासकट. तुझी आई असती तर रडली असती. काचेचे इवले ग्लास आले, लाकडी तबकं सुताराकडून करून घेतली.

एक बदल केला, रागावू नकोस. ग्लास जुन्या घरांपुरते. डोंगरात ती माणसं एकाच भांड्यातून पितात; ती त्यांची रीत, आणि कुणाची रीत आपण का मोडावी? प्याला त्यांच्याकडेच राहील. मागची बाकं त्यांना दिली आहेत, म्हणजे आपापसात मोकळी बसतील. पाळक वयाने लहान. आधी अडखळले, मग मान्य केलं. तुझं दुसरं वाक्य पंचांनी गाळलं. उपासना लांबते, माणसं चुळबुळतात.

ईस्टरच्या सणाच्या आदल्या गुरुवारी प्रभुभोजन आहे. तुझा ग्लास आमच्या बाकावर. मोतीलालभाऊही येताहेत, जरा बरं लुगडं नेस!

काका

जळगाव, ५ एप्रिल

ती. काकांस सलाम. वि. वि.

मी मागच्या बाकावर का बसले, हे तुम्ही फाटकापाशी विचारलंत. तिथे उत्तर दिलं असतं तर आवाज चढला असता.

मला भिकुबाईंनंतर त्याच प्याल्यातून प्यायचं होतं, सगळ्यांसमोर. पाळकांनी प्याला आणला. भिकुबाईंनी तो धरला, पण ओठाला लावला नाही. माझ्यापुढे केला आणि हळूच म्हणाल्या की आधी बाईंनी प्यावं, आमच्या तोंडाचा कागद वाचला ना त्या दिवशी. तो माझा कागद, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि प्याला तसाच पुढे धरून ठेवला. मी आधी प्यायले असते तर तुमचीच रांग, आधी जुनी घरं आणि मागून ती माणसं, मी चालवली असती. मी घेतला नाही. त्यांनीही घेतला नाही. पाळक घामाघूम झाले आणि प्याला भरलेला मेजावर परत गेला. तुम्ही तेव्हा तबकातले रिकामे ग्लास गोळा करत होतात.

आपण डोंगरातल्यांना देव सांगितला म्हणतो. विटाळ सांगितला, आणि त्याला माझी सही लावली. मला माझ्याच अक्षराची शिसारी आली आहे. टिपण परत पाठवा. पुढच्या रविवारी व्यासपीठावरून दुसरं वाक्य वाचा, नाहीतर माझं नाव घेऊ नका.

सुवार्ता

धुळे, १२ एप्रिल

चि. सुवार्ता हिस आशीर्वाद. वि. वि.

फार मनाला लावून घेतेस, अगदी बापावर गेलीस. टिपण कपाटात कुठेतरी आहे, सापडेल तेव्हा पाठवतो. मोतीलालभाऊंना तर तुझं मागे बसणं आवडलं. मुलगी नम्र आहे, गरिबांना सांभाळून घेते, म्हणाले. होकार कळवू का?

आणि आनंदाची बातमी. पावरा मंडळींनी आपणहून कळवलं की ती आता भट्टीवरच प्रार्थना करणार. कुणी घालवलं नाही, कुणी दुखावलं नाही. प्रश्न प्रभूनेच सोडवला बघ. उरलेल्या ग्लासांना काकू कापडी झाकणं शिवते आहे.

काका

जळगाव, २० एप्रिल

ती. काकांस सलाम.

पारोळ्याला नकार कळवावा.

रविवारी मी भट्टीवर गेले होते. झोपड्यांमागे पोती अंथरून सगळे बसले होते. इथल्या पुढच्या प्रभुभोजनाला येऊ का, असं भिकुबाईंना विचारलं. त्या मला ओळखून होत्या. या म्हणाल्या, बसायला पोतंही झटकून दिलं. मग चुलीकडे वळता वळता, अगदी सहज, म्हणाल्या की येताना तुमचा गलास तुम्ही संगे लई या बाई, आमच्याकडे एकच भांडं आहे.

सुवार्ता