पिन काढली का?

२१ जानेवारी
काशीनाथभाऊ आले होते. विहाराच्या कमिटीचे. ओसरीत बसले, चहा अर्धाच घेतला. विषय कसा काढावा ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी बोलले. विहाराच्या दोन खिडक्यांना पिंपळपानांची लाकडी जाळी बसवायची आहे. सागाच्या फळ्या येऊन पडल्या. काम आमच्या यांनीच घेतलं होतं, पानांचं चित्रही यांनीच काढून दिलं होतं, आणि मग दिवाळीत लकवा.
"वयनी, वाशिमले एक जन हाय. त्याले देऊ का मंग? देवाभाऊले वाईट वाटू नये म्हनून इचारून राह्यलो."
हे आत खाटेवर. ऐकत होते. तोंड भिंतीकडे.
मी म्हटलं, "थांबा थोडं." कशाच्या भरवशावर म्हटलं, काय माहीत.

२२ जाने.
सकाळभर तेच डोक्यात. दुपारी माळ्यावर चढून जिगसॉ मशीन खाली काढली. हातात धरून फळी कापायची ती, पुढून ब्लेड बाहेर आलेली. भुशानं भरलेली. फडक्यानं पुसली. हे पाहत होते. काही बोलले नाहीत. दिवाळीपासून बोलतातच किती? उजवा हात मांडीवर पडून असतो, शब्द अर्ध्यात अडकतो. डॉक्टर म्हणाले होते, बोलायला लावा. पण "पानी पाह्यजे का", "जेवता का", याच्यापुढं मी तरी रोज काय बोलणार?

२४ जाने.
सांगून टाकलं. जाळी मी कापते.
हे हसले! दिवाळीनंतर पहिल्यांदा. मग चेहरा उतरला. "तु...ले?"
"अवो, माह्या शिलाई मशीनची सुई खालीवर होते, याची ब्लेड खालीवर होते. रेघेवर चालायचं तं मले येते. इतके वर्स काय केलं मंग मी?"
मान हलवली. नाही. डाव्या हाताची बोटं वर केली, त्यातलं एक दुमडून दाखवलं. म्हणजे बोट जाईल.
पण मशीन परत माळ्यावर ठेवली नाही.

२७ जाने.
आज स्वतःच बोलले. एकेक शब्द, मध्ये दम खात. "बां...गड्या." मी बांगड्या काढल्या. "पद...र." लेकीचा, प्रज्ञाचा जुना सलवार-कुडता घातला, ओढणी नाही. केस वर बांधले. त्यांचा प्लास्टिकचा चष्मा शोधून डोळ्यांवर लावला. तोंडाला रुमाल. आरशात पाहिलं तर मीच हसले. शेजारची गोदाबाई कुंपणावरून, "वं वंदना, चोरी करायले चालली का?"
एवढं सगळं करून भिंतीतल्या बोर्डात पिन लावली तर मशीन घर्रर्र करून बंद. आत ठिणग्या, जळका वास.

२९ जाने.
मालेगावला गेले. युसूफभाई, विजेच्या मोटारी दुरुस्त करतात, यांची जुनी ओळख. मशीन खोलली. "भाभी, कार्बन घिसून गेले. अन् हे पाहा, हवा जायच्या फटी भुशानं बंद. इचा दम घुटून राह्यला." दोन काळे तुकडे काढले, नवे घातले. ब्लेडच्या मागं एक छोटं चाक असतं, ब्लेडला टेकू देणारं. त्याला तेलाचा एकच थेंब. "जादा नाई. जादा टाकलं तं भुसा चिपकते." काम झालं की ब्रशनं फटी साफ करायच्या, पण पिन काढून.
मग त्यांनीच मोबाइलवरून घरी व्हिडिओ कॉल लावला. हे पडद्यावर दिसले. युसूफभाई बोलत राहिले, उघडी मशीन दाखवत राहिले. हे नुसते पाहत होते. शेवटी म्हणाले, "ठी...क." युसूफभाईंनी फोन ठेवून डोळे पुसले आणि म्हणाले, कार्बनचा धूर गेला डोळ्यात. कार्बन नवीन होते, धूर कुठला?

२ फेब्रुवारी
पहिला काप. सरळ रेघ, जुन्या प्लायवर. फळी स्टुलावर शिकंज्यानं आवळली. हातानं धरायची नाही, हे यांनी आधीच बजावलं. तरी मशीन उड्या मारायला लागली. हातभर मुंग्या. हे ओरडले, "दा...ब!" मला वाटलं पुढं ढकल. ढकलली. ब्लेड तुटून कुठं गेली कळलं नाही. चष्मा होता.
म्हणायचं होतं खाली दाब. मशीनचा तळ फळीला चिकटून पाहिजे, मग ती उडत नाही. आधी चालू करायची, मग लाकडाला लावायची. ती खाते तेवढंच पुढं जायचं.
संध्याकाळी परत केलं. फळी कापली. फळीखालचं स्टूलही थोडं कापलं. खाली पाहायचंच विसरले.

५ फेब्रु.
स्टूल पाहून अजून हसतात. हसताना उजवीकडचा ओठ थोडा उचलतो आता. का मलाच तसं दिसतं.

१३ फेब्रु.
वळण जमत नाही. कापड वळवायची सवय, इथं फळी जागची हलत नाही, मशीन वळवायची. मी आडवा जोर देते, ब्लेड वाकते. आज त्यांनी अरुंद ब्लेड काढायला लावली, वळणाची. जुनी काढायला हात घातला. भाजलं. आत्ताच चाललेली ब्लेड तव्यासारखी असते.
"पिन?" त्यांनी विचारलं.
नव्हती काढली. ब्लेड बदलताना पिन भिंतीतून बाहेर पाहिजे, हे सकाळीच सांगितलं होतं.
खूप रागावले. रागात पूर्ण वाक्य आलं! "का...य सांगतलं होतं तुले." मी बोट पाण्यात धरून उभी, आणि आतून आनंद. त्यांना कळलं नाही मी का हसते. आणखी रागावले.

१४ फेब्रु.
प्रज्ञाचा अकोल्याहून फोन. गोदाबाईनं सांगितलं असणार. "आई, तुले काही समजते का? बाबाचा हात गेला, आता तुहा पन घालवतं का?"
मी फोन यांच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "शि...कते. ती."
प्रज्ञा फोनवर रडली. बापाचा आवाज फोनवर किती दिवसांनी.

२ मार्च
वळण आलं! सावकाश. हात सैल. रेघेच्या थोडं बाहेरून, उरलेलं कानशीनं घासायचं. प्लायचं एक पान पूर्ण झालं. मधलं भोक असं, आधी गिरमिटानं छेद, त्यातून ब्लेड आत घालायची, मग मशीन सुरू. यांनी पान हातात घेऊन उजेडाकडे धरलं. मग उशीशी ठेवलं.

९ मार्च
आजचं लिहून ठेवते.
दु. काम चालू होतं. हे खुर्चीत, माझ्यापासून जरा लांब. लांब रेघ होती, बोट दुखतं म्हणून चालूच राहायचं बटण दाबून टाकलं होतं. लाईन गेली. मशीन गप्प. मी ती तशीच फळीवर ठेवली आणि नळ आला म्हणून भांडं लावायला गेले. ना बटण सोडलं ना पिन काढली.
लाईन आली.
मशीन आपोआप सुरू झाली. फळीवरून थडथडत सरकली, खाली पडली, वायरीनं ओढून यांच्या पायाकडे. मी दारात, हातात भांडं.
"पिन!"
स्वच्छ. अडखळ नाही. अख्ख्या घरात घुमलं. मी भांडं टाकलं आणि पिन उपटली.
पायजम्याची कड फाटली. पायाला काही नाही. काही नाही, काही नाही, मी त्यांचा पाय धरून तेच म्हणत बसले.
मशीन खाटेखाली सारली.

१० मार्च
पायजम्याची फाटलेली कड शिवून टाकली.

१५ मार्च
काशीनाथभाऊ वाटेत भेटले. "वयनी, बुद्धपौर्णिमेले खिडक्या लागल्या पाह्यजे. सांगा मले, मी वाशिमले फोन करतो." मी म्हटलं उद्या सांगते. घरी आले तेव्हा ठरलं होतं, नाही म्हणायचं. माझ्या हातून यांचा पाय गेला असता. जाळी कुठली नि काय कुठली.
यांना सांगितलं. नुसतं ऐकून घेतलं.

१६ मार्च
कपडे वाळत घालून आले तर हे खाली जमिनीवर बसलेले. खाटेवरून एकटे उतरले! डाव्या हातानं मशीन बाहेर ओढली होती.
"अवो, पडले असते ना!"
"ला...व," म्हणाले. "पिन."
मला हात लावायची इच्छा नव्हती. त्यांनी वाट पाहिली. लावली. मशीन सुरू केली, नुसती हवेत. आणि हे अचानक ओरडले, "लाईन... गेली!"
लाईन होतीच. मला समजेना. परत, "लाईन गेली! काय क...रतं?"
मग कळलं. बटण सोडलं. ब्लेड थांबेपर्यंत हातात धरली. पिन काढली. मग खाली ठेवली.
"परत," म्हणाले.
काशीनाथभाऊंना निरोप दिला. आमीच करतो म्हणून.

२० मार्च
केव्हाही ओरडतात. मी रेघेवर असते, घाम चष्म्यात, आणि "लाईन गेली!" आज गोदाबाई पळत आली, "कुठी गेली वं लाईन? माह्या घरी तं पंखा चालू हाय!" आम्ही दोघं हसलो. ती पुटपुटत गेली.
वाक्य सरळ येतं आता त्यांचं. हे एकच. पण येतं.
चालूच राहायचं बटण मी आता वापरत नाही. बोट दुखलं तर थांबायचं. काय घाई आहे?

३ एप्रिल
आज खरा साग. चांगली बाजू खाली ठेवायची, कारण ब्लेड वर येताना कापते, वरच्या बाजूला कपच्या उडतात. वायर खांद्यावरून मागं टाकलेली. खाली जागा मोकळी, पाहिली. परत पाहिली.
सागाचा वास घरभर. हे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. मशीनचा आवाज जरा जड झाला तर डोळे न उघडताच, "ब्लेड... बोथट." काढून पाहिली, पिन काढूनच. दाते गेलेले.

१४ एप्रिल
जयंती. सगळं गाव मिरवणुकीत. निळे झेंडे, ढोल. हे दारात खुर्ची टाकून बसले. पोरांनी मिरवणूक आमच्या दारासमोर थांबवली, यांना निळा फेटा बांधला. काशीनाथभाऊ आत डोकावून कापलेल्या पानांची रास पाहून गेले. बाहेर जाऊन चार जणांना सांगताना ऐकलं.

२४ एप्रिल
पॉलिश कागदानं घासायचं काम यांनी घेतलं. उजवा हात कागदावर ठेवतात, वरून डावा हात ठेवून पुढंमागं. मला वाटलं दमतील. दमतात. थांबतात. परत सुरू. मी मशीनच्या फटी ब्रशनं झाडते, चाकाला तेलाचा थेंब, वायर कुठं सोललेली तर नाही बोटानं चाचपून पाहते. समोरासमोर बसून दोघं. बोलणं नाही, पण घर गप्प वाटत नाही.

६ मे
पहिली खिडकी लागली! ऊन आत येऊन फरशीवर पानं पडली. लोक वाहवा करत होते. हे काठीच्या आधारानं विहारापर्यंत आले, गोदाबाईचा मुलगा सोबत. जाळीसमोर उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.
काठीनं एक पान दाखवलं. टोक वाकडं. "हे... काढ. दुसरं काप."
काशीनाथभाऊ म्हणाले, "राहू द्या ना देवाभाऊ, कोनाले दिसते?"
"मले," हे म्हणाले.
राग आला मला. घरी येईपर्यंत होता. मग वाटलं, हाताखालच्या कारागिराला असेच बोलायचे ते. दुसरं कापलं.

१३ मे
पौर्णिमा झाली. दोन्ही खिडक्या लागलेल्या. प्रज्ञा आली होती, जाळीवरून बोट फिरवत होती, मग माझी बोटं धरून एकेक पाहिली.
अनसिंगच्या शकुनबाई बुद्धवंदनेला आल्या होत्या. खीर घेता घेता विचारलं, "हे कोन्या मिस्त्रीनं केलं?" काशीनाथभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांना खरं वाटेना. नवीन घर बांधताहेत, भिंतीतल्या देवळीभोवती तशीच जाळी पाहिजे. "याल का माप घ्यायले?"
मी यांच्याकडे पाहिलं. ते खीर खात होते. डाव्या हातानं.
घरी आल्यावर म्हणाले, "माप तुले... येत नाई."
खरं आहे. कापणं येतं, भिंतीचं माप येत नाही. भिंत कधीच सरळ नसते म्हणतात.
"मंग काय करू? नाई म्हनू?"
"मी येतो."

१९ मे
आज अनसिंगला, माप घ्यायला. हे सकाळी लवकर उठले. आरशापुढं बसून डाव्या हातानं दाढी. दोन ठिकाणी कापलं, कागदाचे तुकडे चिकटवले. मोजपट्टी स्वतःच्या खिशात घातली, मला दिली नाही. दिवाळीनंतर गावाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, दवाखाना सोडून, आणि तोही गाडीत आडवं.
एसटीच्या पायऱ्या उंच. पहिलीच सगळ्यात उंच. प्रज्ञाला सांगितलं नाही.
"अवो, रिक्षा सांगू का?"
"बस."
बस म्हणजे बसनं जायचं की पुरे झालं बोलणं, कळलं नाही. विचारलं नाही. चप्पल बदलून उभे आहेत. हॉर्न वाजला वळणावर. निघतो.