बारा नावांची यादी

दि. ४ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

इकडे सगळं ठीक, माझा गुडघा तेवढा रुसलाय. तुझी वहिनी म्हणते, मुख्याध्यापिका झाल्यापासून नणंदबाई पत्रातसुद्धा छडी घेऊन येतात.

परदेशी कंपनी तुमच्या मिशनच्या शाळेत फोनवरच्या कामाचा वर्ग काढणार, पुढे नोकऱ्या देणार, आणि तू अजून विचार करत बसली आहेस. निकाल चांगला दिसावा म्हणून बारा कच्ची मुलं दुसऱ्या शाळेत पाठवा, एवढीच त्यांची अट ना? मग पाठव. बाजार कुणासाठी थांबत नाही आणि नुसत्या प्रार्थनेनं पोट भरत नाही. सिस्टरला हे सांगणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, पण मी थोरला आहे, तेव्हा चालेल.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.

तुझा दादा

दि. १५ जून

ती. दादास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं ऐकलं. यादी केली, सुवाच्य अक्षरात. खोटं कशाला सांगू, नोकऱ्यांचा मोह मलाही पडला होता. पण आमच्याकडे रीत आहे: शाळा सोडणाऱ्या मुलांची नावं मुख्याध्यापिकेनं सकाळी चॅपलमध्ये मोठ्यानं वाचायची, मग सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. मंगळवारी मी उभी राहिले. दोन नावं वाचली. तिसरी सुताराची मुलगी. तिचे पाढे कायम चुकतात, पण पहिलीतली रडकी पोरं फक्त तिच्याकडेच गप्प होतात. तिच्या नावाशी माझा आवाज बसला.

आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर सुपीरियरनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, “जी यादी देवासमोर वाचता येत नाही, तिच्यावर सही कशी करणार?”

दुपारी कंपनीचे साहेब आले, त्यांना सांगितलं की वर्ग सगळ्यांसाठी असेल तर काढा, नाहीतर राहू दे. ते तणतणत गेले. तीन दिवस पालक मला फाडून खातील असं वाटायचं. काल निरोप आला. वर्ग शाळा सुटल्यावर भरेल, येईल त्याला घेतील, नोकरीची हमी मात्र नाही. चालेल. बाराच्या बारा मुलं इथंच आहेत. काल मी ढाराढूर झोपले.

वहिनीस नमस्कार, लोभ असू द्यावा.

तुझी धाकटी

दि. २४ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. बटणांच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली असं घरी सांगितलं होतं, पण ती मी सोडली नव्हती. परदेशी माल स्वस्त पडायला लागला, तेव्हा कामावरून काढलेल्या आम्हा सगळ्यांची नावं कारखान्याच्या फाटकावर चिकटवली. चिकटवणारा आमचाच फोरमन. एकाचंही नाव त्यानं तोंडानं घेतलं नाही, पाठ फिरवून आत गेला. वीस वर्षं मी त्याला शिव्या घालतोय, आणि मागल्या पत्रात तुला तेच करायला सांगून बसलो.

तुझा आवाज बसला हे वाचलं आणि मला रडू आलं. फार बरं वाटलं गं.

लोभ ठेव, आणि माझं असंच अधूनमधून ऐकू नकोस.

तुझा दादा