जुम्म्याचा अपडेट

सोम. ३ नोव्हें.
नव्या गिऱ्हाइकाचे बारकोड वेगळे, म्हणून कशेळीच्या गोदामाचं ॲप बदलायचंय. मागच्या वेळी जुनं सगळं बंद केलं नि नवं उठेचना. स्कॅनिंग ठप्प, गेटवर गाडी सोडायची पर्ची निघेना, ट्रकांची रांग रस्त्यावर. शेठ तेव्हाच म्हणाले, "परत बंद पडलं तर काम भायेरच्या कंपनीला देनार हाय." म्हणजे मी घरी.

मंगळ. ४
ठरवलं. ॲप तीन कंटेनरांत चालतं (सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ॲपच्याच तीन चालत्या प्रती, काम तिघांत वाटलेलं. शेठ अजून ट्रक शोधतात). नवा एक उठवायचा, तो 'तयार' म्हणाला की मगच एक जुना काढायचा. असं एकेक. आमच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमवर हेच चालतं: बदलीवाला येऊन उभा राहिल्याशिवाय आधीचा हलत नाही. लूम चालूच.
मुहूर्त शुक्रवारी, जुम्म्याच्या वेळी. गेट सुपरवायझर अन्वरभाई आणि हमाल नमाजला जातात. गेट शांत.

शुक्र. ७
शांत होतं खरं. दोन नवे उठले, दोन जुने काढले, सगळं हिरवं. खुशीत डबा उघडला. तेवढ्यात सगळे एकदम परतले नि अ.भाईंचा फोन: "मॅडम, पर्ची कभी निकलती है, कभी नहीं!"
तिसरा जुना अजून चालू होता, सगळं काम त्याच्याकडे वळवलं. पर्च्या सुरू. "हाँ, चल गया. चाय पियो."
देव पावला! पण माझी अक्कल बघा. गेटवर कुणी नसताना बिघडलं तर ओरडणार कोण?

शनि. ८
चूक सापडली. नवा नुसताच 'आहे' म्हणत होता, पर्चीच्या प्रिंटरशी त्याची गाठच पडली नव्हती. आता आधी खोटी पर्ची काढून दाखव, मग 'तयार' म्हण.

सोम. १०
भर गर्दीत केलं, अ.भाईंना सांगून. आधी एकच गेट, मग बाकीची. दुपारी त्यांचाच फोन: "मॅडम, अपडेट कब शुरू करोगी?"
"हो गया, भाई."
एकटीच हसत बसले. किती दिवसांनी अशी भूक लागली.

मंगळ. ११
चहाला शेठ: "अपडेट कवा करता?"
"काल झाला."
"काय सांगता! कळलंच न्हाय."
याहून मोठी शाबासकी नको मला. मग जाता जाता: "भायेरच्या कंपनीचा मानूस गुरुवारी येतोय. तुमी काय काम करता, त्याला जरा दाखवा."
काय दाखवू? काही झालं नाही, हेच तर केलं.